१/४८ सी हॅरियर एफआरएस ५१, पूर्ण रेझिन किट: वाकलेला पंख, चार पायांची पातळी आणि उन्हाळ्यातलं रंगकाम

मांजरा_काठ (लातूर)

नमस्कार मंडळी. नौसेनेच्या सी हॅरियर एफआरएस ५१ या लढाऊ विमानाचं मॉडेल करायलोय, १/४८ मध्ये, पूर्ण रेझिनचं किट. ओतलेलं पॉलियुरेथेन आहे, थ्रीडी प्रिंट नाही. धड दोन अर्ध्यांत, पंख डावा-उजवा मिळून एकच तुकडा, चारही नोझल (इंजिनाचा झोत सोडणारी फिरती तोंडं) वेगळे, चाकांचे पाय रेझिनचेच, कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरची काच, व्हॅक्यूमफॉर्मची (दोन प्रती) आणि पितळी एचिंगची छोटी पट्टी. सूचनापत्रात एकच चित्र आहे, कशानंतर काय जोडायचं ते कुठंच नाही.

रंगसंगती पहिली घ्यायची आहे: विमानं १९८३ ला आली तेव्हाची, वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, खाली पांढरा. स्क्वॉड्रन आयएनएएस ३००, व्हाइट टायगर्स.

अडचणी अशा. पंख सपाट काचेवर ठेवला की उजवं टोक डाव्यापेक्षा ४ मिमी वर राहतंय. पाय रेझिनचे ठेवले तर टिकतील का, कारण खोलीला पत्र्याचं छत आहे आणि मे महिन्यात आत काय होतं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. इनटेकच्या (इंजिनात हवा शिरायच्या तोंडाच्या) कडेला प्रायमर मारल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडली. चाचणीच्या तुकड्यावर रंग मारला तर वॉटर पेपरसारखा खरखरीत बसला. त्याच तुकड्यावर जुनं डिकॅल (पाण्यात भिजवून लावायचं चिन्ह) लावून पाहिलं, वाळल्यावर कडेनं पांढरे डाग आले. डिकॅलला पाणी बोअरचं वापरलं होतं.

कशापासून सुरुवात करू, क्रम काय ठेवू, सांगा.

---

गोदाकाठ (नांदेड)

भाऊ, प्रायमर मारला म्हणता, पण भाग आधी धुतले होते का ते लिहिलं नाही. ओतताना साच्याला सुटण्यासाठी मेणचट द्रव लावतात, तो भागावर राहतो. धुतलं नसेल तर मास्किंग टेप काढताना प्रायमरसकट रंग निघेल. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, जुना मऊ टूथब्रश. पाणी कोमटच हवं. कडकडीत गरम पाण्यात पातळ भाग वाकतात. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्यात करा. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळून पॅनेलच्या रेघांत बसतात आणि प्रायमरखाली खडीसारखे दिसतात. प्रायमर मारलेल्या भागावर टेप दाबून झटक्यात ओढा. निघाला तर तो भाग पुसून पुन्हा धुवायचा, दुसरा इलाज नाही.

ओतकामाचे ठोकळे कापायला सोनाराची बारीक करवत घ्या, सराफ्याजवळच्या हत्यारांच्या दुकानात पाती मिळतात. कटरनं दाबून कापू नका. रेझिन प्लॅस्टिकसारखं दबत नाही, टवका उडतो आणि टवका नेहमी भागाच्या बाजूनंच उडतो. ठोकळ्याच्या बाजूला १ मिमी सोडून कापा, उरलेलं ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर काचेवर घासून उतरवा. घासणं ओलंच. रेझिनची कोरडी धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. एन ९५ मास्क लावा, पंखा बंद ठेवा, खाली ओलं फडकं अंथरा, आणि ज्या खोलीत लेकरं झोपतात तिथं हे काम नको.

आता पंख. हॅरियरचा पंख मुळातच खाली झुकलेला असतो, साधारण १२ अंश. त्यामुळं तो काचेवर पालथा ठेवून सरळ करायला गेलात तर झुकावच मोडेल. आधी जाड पुठ्ठ्याचा किंवा ३ मिमी प्लायचा साचा करा. मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना, दर ५ सेंमीला १०.६ मिमी खाली येईल अशी तिरकी कड कापायची. पंख या साच्यावर बसवला की नेमकं कुठून वाकलाय ते दिसेल. बऱ्याचदा पूर्ण पंख वाकलेला नसतोच, टोकाकडचा तिसरा हिस्सा वर उचललेला असतो.

पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरायला लागले की गॅस बंद करा, ते ६५-७० अंशांच्या आसपास असतं. वाकलेला हिस्सा पाऊण मिनिट बुडवा, काढून साच्यावर दाबा, थोडं पलीकडं, म्हणजे अर्धा मिलिमीटर जास्तच, आणि धरलेल्या अवस्थेत गार पाणी ओता. उकळत्या पाण्यात घालू नका, मागची पातळ कड लहरत जाते आणि ती सरळ करणं पंखापेक्षा अवघड.

लातूरच्या उन्हाळ्यात एवढ्यानं भागत नाही. पॉलियुरेथेनला ओतलेला आकार लक्षात राहतो. पुन्हा तापलं की ते जुन्या वाकाकडं जायला बघतं. पत्र्याखालच्या खोलीत हे नक्की होणार. म्हणून सरळ केलेल्या पंखाच्या खालच्या बाजूला, धडापासून टोकाच्या पायापर्यंत, दोन्हीकडं १.२ मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच पाडा. त्यात १ मिमीची स्टीलची सळई हळू घट्ट होणाऱ्या इपॉक्सीत बसवा आणि वरून एम-सीलनं बुजवा. खालची बाजू पांढरी रंगवायची आहे, म्हणून बुजवलेली जागा १००० नंबरपर्यंत घासून बोटाला लागणार नाही अशी करा. पांढऱ्यावर खळगा लपत नाही.

---

वाळूज_टूलरूम (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठदादांनी पंखाचं सांगितलं. मी पायांचं सांगतो, कारण या विमानाचं मॉडेल पायांवरच फसतं.

हॅरियरला पाय सायकलसारखे एका रेषेत: पुढं एक चाक, मागं जोडचाक, आणि तोल राखायला पंखांच्या टोकांशी दोन बारीक पाय. खऱ्या विमानाचा भार पुढच्या-मागच्या पायांवर असतो, टोकाचे पाय फक्त सावरतात. मॉडेलमध्येही तसंच हवं. चारही पाय एकदम चिकटवायला गेलात तर एक तरी अधांतरी राहणार, कारण पंख अर्ध्या अंशानं इकडचा तिकडं असला तरी टोकाला अर्धा-पाऊण मिलिमीटर फरक पडतो.

रेझिनचे पाय ठेवू नका. पूर्ण रेझिनचं वजन, वर ४२-४३ अंश, पाय हळूहळू एका बाजूला कलतात. तुटत नाहीत, कलतात, आणि कपाटात कललेलं लक्षात येईपर्यंत टोकाचा पाय मुळातून निखळलेला असतो. दोन मार्ग आहेत. व्हाइट मेटलचे पाय वेगळे मिळाले तर ते घ्या. नाहीतर आहे त्याच पायात धातूचा गाभा घाला: पायाच्या दांड्याला मधोमध उभं ०.५ मिमीचं भोक, मग ०.८, त्यात २१ गेजच्या कोऱ्या इंजेक्शनच्या सुईचा तुकडा. २१ गेजचा बाहेरचा व्यास ०.८ मिमी, पोलाद कडक. सुई नखकात्रीनं किंवा पकडीनं तोडली तर तोंड चेपतं, म्हणून कापायच्या चकतीनं कापा किंवा तिकोनी कानशीनं चहूबाजूंनी खाच पाडून मोडा. वरचा ५-६ मिमी भाग बाहेर ठेवा, तोच धडात शिरेल. भोक पाडताना ड्रिल हातातल्या पिन-वाइसमध्ये धरा, मोटारीवर नाही. मोटारीच्या वेगानं रेझिन वितळतं आणि ड्रिलला चिकटून भोक तिरकं जातं.

क्रम असा ठेवा.

पंख धडावर बसला, इपॉक्सी पूर्ण सुकलं, की आधी पुढचा आणि मागचा पाय नुसते भोकात घाला, चिकटवू नका. मॉडेल काचेवर उभं करा. पंखाच्या दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून ते सरळ धरा आणि समोरून शेपटीच्या उभ्या पंखाकडं बघा, काटकोन लावून. तो उभा असेल तर पुढचा-मागचा पाय इपॉक्सीनं कायम करा आणि रात्रभर हलवू नका. टोकाचे पाय सगळ्यात शेवटी. त्यांची उंची चाक घासून जमवायची नाही, सुई भोकात कमी-जास्त खोल घालून जमवायची. योग्य उंचीची खूण सोपी आहे: चाकाखाली साधा झेरॉक्सचा कागद सरकवला तर किंचित अडकत सरकला पाहिजे. अजिबात अडकला नाही तर पाय अधांतरी, फाटला तर त्याच्यावर भार आला. हे दोन्हीकडं सारखं जमलं की मगच सायनो (फेविक्विकसारखा झटपट गोंद).

हे सगळं रंगाच्या आधी गोंद न लावता एकदा पूर्ण करून बघा. रंगानंतर भोकं मोठी करत बसलात तर पांढरा रंग टवके धरून निघतो.

वजनाचं. मागचा पाय बराच मागं असल्यामुळं हॅरियर शेपटीवर सहसा बसत नाही, पण भरीव ओतलेल्या शेपटीवर भरवसा ठेवू नका. धडाच्या अर्ध्या टेपनं बांधा, पंख-शेपूट टेपनं लावा, मागच्या पायाच्या भोकाखाली पेन्सिल आडवी धरा. नाक खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर नाकाचा कोन आतून पोखरून शिसं भरा. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिशाचे गोळे मिळतात, पैठणकडं सहज मिळतील. मात्र शिसं पांढऱ्या लाकडी गोंदात बसवू नका. तो गोंद आणि शिसं यांची हळूहळू रासायनिक क्रिया होऊन पांढरी भुकटी तयार होते, ती फुगते आणि वर्षा-दोन वर्षांत नाक शिवणीवर उकलतं. इपॉक्सीच वापरा.

---

मांजरा_काठ (लातूर)

दोघांचेही आभार. टेपची चाचणी केली, इनटेकजवळचा प्रायमर निघतोय. सगळं पुसून पुन्हा धुवायला घेतलं. पंखाचं तुम्ही म्हणता तसंच आहे, उजवीकडं टोकाचाच हिस्सा वर आलाय.

भोकांचं अजून कुणी सांगितलं नाही. आणि एक विचारायचं होतं, विमान उभं असताना नोझल कुठल्या कोनात दाखवावेत? इनटेकभोवतीच्या त्या छोट्या झडपा किटमध्ये सगळ्या उघड्या ओतल्यात, ते बरोबर आहे का?

---

बालाघाट (बीड)

झडपांचं चूक आहे. हॅरियरच्या इनटेकभोवती प्रत्येक बाजूला आठ झडपा असतात. जागेवरून सरळ वर उड्डाण करताना समोरून हवा कमी पडते, तेव्हा इंजिनाच्या ओढीनं त्या आत उघडतात. इंजिन बंद असलं की ओढ नाही, मग काम फक्त गुरुत्वाकर्षणाचं. वरच्या झडपा स्वतःच्या वजनानं आत लोंबतात, खालच्या बंद राहतात. उभं विमान दाखवायचं तर वरच्या दोन-तीन उघड्या, कडेच्या अर्धवट, खालच्या बंद. खालच्या झडपांचे खळगे ०.१३ मिमी प्लॅस्टिक शीटच्या तुकड्यांनी झाका. एकच लांब पट्टी लावू नका, झडपा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. हे काम कंटाळवाणं आहे, पण मॉडेलच्या बाजूला उभं राहिलेल्या माणसाची नजर सगळ्यात आधी इनटेकवरच जाते.

नोझल चारही एकाच दुव्यानं फिरतात, त्यामुळं कोन काहीही घ्या, चारही सारखे हवेत. उभ्या विमानावर सरळ मागं दाखवणं सुरक्षित. कोन जुळवायला चारही नोझलांच्या मागच्या तोंडावर कोरड्या पट्टीची कड ठेवून एकाच बाजूनं बघा.

पुढचे दोन आणि मागचे दोन एकसारखे रंगवू नका. पुढच्यांतून पंख्याची गार हवा जाते, मागच्यांतून जळालेला वायू. जळकट तपकिरी-निळसर छटा फक्त मागच्यांना. मागच्या नोझलच्या मागं धडावर जो धातूचा पत्रा आहे तो उष्णतेपासून वाचवण्यासाठी, रंग न दिलेला. त्याच्यावर करडा रंग चढला की हॅरियर ओळखू येत नाही. हा भाग आधी धातूच्या रंगात मारून टेपनं झाका, मग बाकीचा रंग.

आता पंख आणि धड यांची वरची शिवण. रेझिनवाले इथं पुट्टी लावून सगळं गुळगुळीत करतात. खऱ्या विमानात पेगॅसस इंजिन काढायचं तर पूर्ण पंखच उचलून बाजूला करावा लागतो, म्हणजे ती शिवण खरोखरची आहे. तिला भरून टाकू नका. फट मोठी असेल तर भरा आणि शिवणीच्या जागी बारीक रेघ पुन्हा कोरा. सुईच्या टोकानं, टेपच्या कडेला धरून, दाब न देता चार-पाच हलके हात.

तुमची रंगसंगती सुरुवातीची आहे, म्हणून शस्त्रंही तेव्हाचीच: मात्रा मॅजिक क्षेपणास्त्रं आणि धडाखाली दोन ३० मिमी एडन तोफांचे पॉड. किटमध्ये डर्बी क्षेपणास्त्रं दिली असतील तर ती बाजूला ठेवा. ती नंतर रडार बदललं तेव्हा आली, आणि तेव्हा विमानं पूर्ण करड्या रंगात होती. इतर कुठल्या किटचा भाग उसना घ्यायची वेळ आली तर ब्रिटिश एफए २ चं (सी हॅरियरच्या नंतरच्या आवृत्तीचं) धड घेऊ नका. त्याला पंखामागं ३५ सेंमी जोड दिलेला आहे, १/४८ मध्ये ७ मिमीहून जास्त, आणि नाकही गोलसर.

संदर्भ बघायचा तर गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर उभं आहे. उघड्यावर उभ्या विमानाचा रंग उन्हानं उडालेला असतो, तिथून फक्त आकार आणि रेघा घ्या, रंग नाही.

---

गोदाकाठ (नांदेड)

बालाघाटताईंनी झडपांचं छान उलगडलं.

भोकांचं राहिलं होतं. ती बाहेरून पडत नाहीत, ओतताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे असतात. वरचा पापुद्रा पातळ असतो, घासला की उघडा पडतो. म्हणून वरून पुट्टी फिरवून उपयोग नाही. ती भोकाच्या तोंडावर टोपीसारखी बसते, आत हवा राहते, आणि खोली तापली की ती टोपी उचलते. आधी प्रत्येक भोक सुईनं पूर्ण उघडा. मग जाड सायनोमध्ये टाल्कम पावडर मिसळून दाट लगदा करा, अंदाजे निम्मं-निम्मं, आणि दातकोरणीनं आत दाबा. खाण्याचा सोडा घालू नका. सोड्यानं सायनो झटकन बसतो खरा, पण रेझिनपेक्षा कडक होतो. घासताना आजूबाजूचं उतरतं आणि भोक भरलेल्या जागी उंचवटा राहतो. टाल्कवाला लगदा अर्ध्या तासाच्या आत घासा, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलात तर तोही घट्ट होतो.

आणखी एक. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते आणि सायनो घट्ट होतो तो हवेतल्या ओलाव्यानं. जाड थर आतून बराच वेळ ओला राहतो. पातळ थर दोनदा द्या. पावसाळ्यात उलटं, झटकन बसतो आणि भोवती पांढरी वाफ धरते.

---

वाळूज_टूलरूम (छत्रपती संभाजीनगर)

मोठ्या शिवणींना सायनो-टाल्कऐवजी गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी मला बरी वाटते. घासायला मऊ, रेझिनला धरते. एनसी थिनरमध्ये बोळा बुडवून कडा पुसल्या की घासायचं कामही अर्धं कमी होतं आणि पॅनेलच्या रेघा वाचतात.

---

गोदाकाठ (नांदेड)

दादा, धरते हे खरं, पण ती आकसते. थिनर उडत राहतं आणि शिवण काही दिवसांनी पुन्हा खळग्यासारखी दिसते. करड्या रंगाखाली खपून जाईल, पांढऱ्याखाली नाही. वरच्या बाजूला वापरा, पातळ दोन थर, मध्ये दोन-तीन दिवस सोडून. पोटाखाली सायनो-टाल्क किंवा इपॉक्सी पुट्टीच. आणि एनसी थिनरचा बोळा कॅनोपीच्या जवळ नेऊ नका, पारदर्शक प्लॅस्टिक क्षणात दूधट होतं.

---

खाम_काठ (छत्रपती संभाजीनगर)

रंग आणि पाणी या दोन गोष्टींवर लिहितो.

खरखरीतपणा रंगाचा दोष नाही. एअरब्रशच्या नोझलमधून निघालेला थेंब भागावर पोचेपर्यंत वाळतो आणि भुकटी होऊन बसतो. दुपारी ४० अंश आणि कोरडी हवा असेल तर १५ सेंमी अंतरावरून हे होणारच. अंतर ७-८ सेंमीवर आणा, दाब १५ पीएसआयच्या आसपास, रंगात रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव) ५ ते १० टक्के, आणि वेळ सकाळी सहा ते आठ. आठनंतर पत्रा तापायला लागतो. बसलेला खरखरीत थर २००० नंबरच्या वॉटर पेपरनं ओला करून हलक्या हातानं उतरवता येतो, पूर्ण काढायची गरज नाही. पावसाळ्यात लॅकर मारलात तर उलटा त्रास: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंगावर दुधाळ साय येते. तेव्हा कॉम्प्रेसरला पाण्याचा सापळा लावलेला असावा आणि पाऊस पडत असताना लॅकर मारूच नये.

वीज जाते, म्हणून टाकी असलेला कॉम्प्रेसर बरा. ३ लिटरची टाकी एक पंख संपवण्याइतकी हवा देते. वीज गेली की आधी कपातला रंग काढून थिनर फिरवा. रंग तसाच राहिला तर आपल्या हवेत सुईचं टोक दहा मिनिटांत जाम होतं.

प्रायमर लॅकरचाच. पाण्याचे ॲक्रिलिक प्रायमर रेझिनला नीट धरत नाहीत. गाडीचा करडा एनसी प्रायमर सरफेसर एक भाग, थिनर दोन भाग, २० पीएसआय, पातळ दोन थर. कॅनोपी अर्थातच तेव्हा मॉडेलवर नको.

पांढरा आधी, करडा नंतर. गडद प्रायमरवर पांढरा बसवायला जाड थर लागतो आणि जाड थरात रेघा बुजतात, म्हणून पोटाखाली आधी फिकट करडा, मग पांढऱ्याचे चार पातळ थर, प्रत्येकानंतर दहा मिनिटं. शुद्ध पांढरा न वापरता त्यात करड्याचा थेंब टाका, १/४८ ला शुद्ध पांढरा डोळ्यांत खुपतो. या रंगसंगतीत दोन रंगांमधली रेघ धारदार आहे, धूसर नाही. टेप लावल्यावर कडेवरून आधी पांढराच पुन्हा एक फवारा द्या. टेपखालची फट त्यानं भरते, मग करडा आत शिरत नाही. टेप करडा पूर्ण वाळायच्या आधी, कडेवर परत दुमडून, हळू काढा.

एक्स्ट्रा डार्क सी ग्रेचा कोड बीएस (ब्रिटिश मानक) ३८१सी ६४०. जालन्याकडं किंवा वाळूजला गाड्यांचे रंग मिसळून देणाऱ्या दुकानात बीएसचं पत्रक असेल तर कोड सांगून ५० मिली लॅकर करून मिळतो. नसेल तर ६३८, म्हणजे डार्क सी ग्रे, गळ्यात पडू देऊ नका. तो उजळ आहे. बाटलीतल्या ६४० मध्ये पाच टक्के पांढरा घालून उजळ करा, नाहीतर १/४८ ला काळसर दिसतो.

डिकॅलच्या डागांचं कारण बोअरचं पाणीच. आधी ओळखा: डाग डिकॅलच्या बाहेर, वर्तुळाच्या कडेसारखा असेल तर क्षार, डिकॅलच्या खाली चांदीसारखी चकाकी असेल तर अडकलेली हवा. क्षारांसाठी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. घरच्या आरओमध्येही थोडे क्षार राहतात. हवेसाठी डिकॅलच्या आधी ग्लॉस क्लिअरचे दोन थर द्या, मॅट रंगावर थेट डिकॅल लावू नका. वर्तुळचिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. डिकॅल पातळ असेल तर गडद करड्यावर केशरी मळकट होतो. त्यासाठी चिन्हाच्या व्यासापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान पांढरी चकती आधी मारून घ्या, म्हणजे कडेला पांढरा डोकावणार नाही.

---

मांजरा_काठ (लातूर)

पुरतं कळालं. आता कॅनोपी. व्हॅक्यूमफॉर्मच्या दोन प्रती आहेत म्हणजे एक चुकली तरी चालतंय, पण सुरुवात कशी करावी? आणि काचेच्या आतून ती वेडीवाकडी पांढरी रेघ असते ती मॉडेलवर कशानं रेखाटावी?

---

बालाघाट (बीड)

आतून मॉडेलिंग क्लेचा गोळा भरा, काच आधाराशिवाय कापली तर चिरते. सल्फर नसलेली क्ले घ्या, कारण तीच पुढं सिलिकॉनचा साचा करायलाही चालते, सल्फरवाली काही सिलिकॉनना घट्टच होऊ देत नाही. कापायच्या रेघेला टेप लावा, नवीन ब्लेड, आणि रेघ हलक्या हातानं पुन्हा पुन्हा ओढा. एकदम आरपार जाऊ नका. सातव्या-आठव्या हाताला तुकडा आपोआप सुटतो. मग काचेवर ठेवलेल्या ६०० नंबरच्या वॉटर पेपरवर फिरवून कड जमवा आणि सतत धडावर ठेवून बघा. सी हॅरियरचं कॉकपिट आधीच्या हॅरियरपेक्षा २८ सेंमी उंच केलंय, कॅनोपी त्यामुळं फुगीर आहे आणि पुढच्या काचेशी जुळणारी कडच चटकन चुकते. ती सगळ्यात शेवटी घासा.

चिकटवायला सायनो अजिबात नाही, त्याच्या वाफेनं आतून धुकं धरतं. पारदर्शक सुकणारा पांढरा गोंद चालतो. इथं शिसं नाही, म्हणून काळजी नाही.

ती पांढरी रेघ म्हणजे काच फोडणारी स्फोटक दोरी. वैमानिक मार्टिन-बेकर मार्क १० एच आसनासह बाहेर पडताना काच आधी फुटावी म्हणून बसवलेली. रंगानं ब्रशवर काढली तर जाड दिसते. पारदर्शक डिकॅलच्या कागदावर पांढऱ्या शाईच्या ०.३ मिमी पेननं काढा आणि आतल्या बाजूनं लावा. आतून लावताना डिकॅल उलटं बसतं, म्हणून आकृतीही उलटी काढायची. डाव्या-उजव्या बाजूचे नागमोडी आकार सारखे नसतात, फोटो समोर ठेवून काढा.

---

वाळूज_टूलरूम (छत्रपती संभाजीनगर)

नाकावरच्या पिटोट नळीचं कुणी लिहिलं नाही. रेझिनची आलेली नळी पहिल्याच पुसण्यात जाते. २१ गेजच्या सुईच्या आत २६ गेजची सुई सरकते, दोन टप्प्यांची नळी तयार. मुळाशी जाड, टोकाला बारीक. नाकात १ मिमी भोक मधोमध पाडा, ५ मिमी आत इपॉक्सीत बसवा, पण सगळ्यात शेवटी, डिकॅल आणि मॅट क्लिअर झाल्यावर. टोक कानशीनं बोथट करा, घरात लहान मुलं असतील तर हे विसरू नका. आणि पूर्ण मॉडेल कपाटात ठेवताना खिडकीसमोरचा कप्पा टाळा. पश्चिमेचं ऊन थेट येतं तिथं काचेचं कपाट आतून खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापतं, सळई घातलेला पंख टिकेल, पण शेपटीच्या आडव्या पंखांत सळई नाही.